महाद्वाराबाहेरचे चोखोबा

आषाढ शुद्ध एकादशीचा पर्वकाळ जवळ आला की अवघी पंढरी टाळमृदंगांच्या नादाने दुमदुमून जाते. देहू-आळंदीहून निघालेल्या पालख्या वाखरीचा तळ सोडून क्षेत्रात प्रवेश करतात, चंद्रभागेच्या वाळवंटात पाऊल ठेवावयास जागा उरत नाही, आणि पदस्पर्श-दर्शनाची रांग कोठवर जाऊन पोहोचली आहे याचा ठाव लागत नाही. ज्यांना त्या रांगेत उभे राहणे शक्य नसते ते महाद्वाराशी येऊन कळसाला हात जोडतात आणि माघारी फिरतात. महाद्वारी आलेला वारकरी प्रथम नामदेवरायांच्या पायरीला हात लावून तो हात मस्तकी लावतो, आणि त्या पायरीसमोरच असलेल्या एका लहानशा समाधीपुढेही नतमस्तक होतो. ही समाधी श्रीसंत चोखामेळा यांची. जिवंतपणी ज्यांना या द्वाराच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्यांना वंदन केल्यावाचून आज कोणा वारकऱ्याचे दर्शन पुरे होत नाही. या पर्वणीच्या निमित्ताने त्या महाभागवताचे चरित्र स्मरावे, असा आजचा हेतू आहे.

चोखोबांच्या जन्माची तिथी कोठे नोंदलेली नाही. जन्मस्थानाविषयी दोन परंपरा आहेत. एक त्यांना मंगळवेढ्याचे म्हणते, तर दुसरी विदर्भातील देऊळगाव राजा जवळच्या मेहुणा या गावी त्यांचा जन्म सांगते. महिपतिबुवांनी शके १६८४ मध्ये, म्हणजे इ. स. १७६२ साली, भक्तविजय ग्रंथ सिद्ध केला, आणि चोखोबांच्या ज्या कथा आपण घरोघरी ऐकत आलो त्यांतील बऱ्याच या ग्रंथाच्या द्वारे आपल्यापर्यंत पोहोचल्या आहेत. नावाविषयीची आख्यायिका मोठी गोड आहे. चोखोबांचे मातापिता गावाच्या वतीने आंब्यांचे ओझे वाहून नेत असता पंढरीनाथ वृद्ध ब्राह्मणाच्या रूपाने वाटेत आडवे आले आणि त्यांनी एक आंबा मागून घेतला. थोडासा चोखून, आंबट लागतो म्हणून तो परत केला. मातेने तो पदरात बांधून ठेवला आणि पुढे पदर सोडून पाहते तो आंब्याच्या ठिकाणी बालक! व्युत्पत्तिशास्त्र या कथेस मान्यता देईल असे मी म्हणत नाही. तथापि ज्याला जगाने उष्टे खावयास लावले, तो स्वतः देवाच्या मुखातले उष्टे होता, हे सांगणाऱ्या अज्ञात कथाकाराच्या मनाचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

त्या काळी अस्पृश्य लेखल्या गेलेल्या महार जातीत चोखोबा जन्मले. गावाची वेस राखणे, सांगितलेला निरोप परगावी पोहोचविणे, मेलेले जनावर ओढून नेणे, गावकूस पडले तर ते बांधावयास जाणे, ही त्यांची वंशपरंपरागत कामे होती. त्यांबद्दल मिळावयाचे ते घरोघरचे शिळे अन्न आणि मृत जनावराचे कातडे. गावात शिरताना जोहार घालावयाचा आणि सावली कोणावर पडणार नाही अशा बेताने उभे राहावयाचे. हे सर्व कोणत्या अपराधाबद्दल? अपराध काहीच नव्हता. जन्मापूर्वीच हा दंड ठरून गेलेला होता आणि मरणानंतरही तो मुलाबाळांकडे चालत जावयाचा होता. आपल्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याला दुःख येते. परंतु ज्या दुःखाला कारण म्हणून बोट दाखविण्याजोगे एकही कृत्य नाही, असे दुःख जन्मभर वाहणे म्हणजे काय, हे चोखोबांच्या चरित्रावाचून आम्हा ब्राह्मणकुळात जन्मलेल्या हरिदासांना कळले नसते.

मंगळवेढ्याहून पंढरपूर सुमारे २५ किलोमीटर. काळ्याभोर जमिनीच्या त्या ज्वारीच्या मुलखातून चालत चोखोबा पंढरीस आले आणि नामदेवरायांच्या सहवासात पडले. नामदेवरायांना त्यांनी गुरुस्थानी मानले. १२९६ साली ज्ञानेश्वर महाराज आळंदीस समाधिस्थ झाले. त्या आधीची आणि नंतरची काही वर्षे चंद्रभागेच्या वाळवंटात जो संतमेळा जमत असे, त्यात गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, जनाबाई यांच्याबरोबर चोखोबाही नाचत असत. वाळवंटात भेद नव्हता. भेद सुरू होत असे तो महाद्वाराशी. बाकीची मंडळी आत जात आणि चोखोबा बाहेर उभे राहत. गाभाऱ्यातील मूर्ती त्यांनी बाहेरून किती पाहिली असेल, हा एक प्रश्नच आहे. तरीही कर कटावर ठेवलेल्या त्या सावळ्या रूपाचे वर्णन त्यांच्या अभंगांत इतके प्रत्यक्ष आहे की ते आत बसून पूजा करणाऱ्यालाही लाजवील.

त्यांच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग मिळतात. ते कोणी अनंतभट्ट नामक ब्राह्मणाने लिहून घेतले, अशी परंपरा आहे. मला या अनंतभट्टाविषयी अधिक काही कळावे असे फार वाटते. शास्त्राने ज्याच्याशी बोलूही नये असे सांगितले, त्याच्यासमोर लेखणी घेऊन बसणारा हा मनुष्य घरी गेल्यावर आपल्या माणसांना काय सांगत असेल?

आता त्या प्रसिद्ध कथांकडे वळू. एके रात्री प्रत्यक्ष पांडुरंगाने चोखोबांचा हात धरून त्यांना गाभाऱ्यात नेले आणि आपल्या गळ्यातील रत्नहार त्यांच्या गळ्यात घातला. सकाळी हार दिसेना तेव्हा शोध सुरू झाला, आणि तो सापडला चोखोबांपाशी. चोरीचा आळ आला, मंदिर विटाळल्याचा दुसरा आळ आला. एका कथेप्रमाणे त्यांना बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा फर्मावण्यात आली. आसूड ओढले तरी बैल जागचे हलेनात, कारण त्यांची शिंगे धरून पीतांबरधारी समोर उभा होता. दुसऱ्या कथेप्रमाणे त्यांना क्षेत्राबाहेर घालवून देण्यात आले, तेव्हा चंद्रभागेच्या पैलतीरी झोपडी बांधून ते राहू लागले, आणि देवळाच्या दिशेला तोंड करून त्यांनी तेथे एक दीपमाळ उभारली. देवळात दिवा लावता येत नाही, तर नदीपलीकडून लावावा. तेलाला उंबरठा आडवा येत नाही.

परंतु माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण कथा त्या पैलतीरावरच्या भोजनाची आहे. चोखोबा आणि पांडुरंग एकत्र जेवावयास बसले होते आणि चोखोबांची पत्नी सोयराबाई वाढीत होती. वाढता वाढता तिच्या हातून दह्याचे भांडे कलंडले आणि देवाच्या पीतांबरावर दही सांडले. चोखोबा पत्नीला म्हणाले की, जरा जपून, देवाचे वस्त्र भिजले. नेमका त्याच वेळी तेथून एक बडवा चालला होता. हा महार देवाशी जेवत असल्याचे सोंग करतो, असे वाटून त्याने चोखोबांच्या गालावर सणसणीत चपराक मारली. मग स्नान करून तो देवळात गेला आणि पाहतो तो काय, मूर्तीचा पीतांबर दह्याने भिजलेला आणि देवाचा गाल सुजलेला!

ही कथा माझे वडील कीर्तनात सांगू लागले की सभामंडपातील स्त्रिया पदराने डोळे टिपीत. मीही अनेक वर्षे ती त्याच चालीवर सांगत आलो. मात्र वय वाढले तसा या कथेतील एका गोष्टीकडे माझे लक्ष अधिकाधिक जाऊ लागले. देवाने त्या बडव्याचा हात वरच्यावर धरला नाही. ज्याने बैलांची शिंगे धरली त्याला एका मनुष्याचे मनगट धरणे अवघड होते काय? चपराक पडू दिली गेली. ती चोखोबांच्या गालावर पडली आणि देवाच्याही गालावर पडली. देवाने दुःख टाळले नाही, त्यात तो अर्धा वाटेकरी झाला, आणि असे का केले हे त्याने चोखोबांनाही सांगितले नाही.

वाचकहो, अकारण दुःखाचा विचार आपल्या शास्त्रांनी केलेला नाही असे नाही. भागवताच्या प्रथम स्कंधात कुंतीमाता श्रीकृष्णाजवळ विपत्तीच मागते, कारण विपत्तीत त्याचे दर्शन घडते. कीर्तनकाराच्या पूर्वरंगात हा दाखला ठरलेला. पण कुंती राजमाता होती. तिने वनवास भोगला, लाक्षागृह पाहिले, तरी तिला कोणी विहिरीवरून हाकलले नव्हते. दुसरे असे की, तिने विपत्ती मागितली ती स्वतःसाठी. दुसऱ्याच्या दारी जाऊन तिने कोणाला विपत्तीचे माहात्म्य ऐकविले नाही. स्वतःच्या दुःखात हरीची इच्छा पाहणे ही भक्ती होय. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून ती हरीची इच्छा आहे असे सांगणे याला काय म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी स्वतः हा दोष पुष्कळ वर्षे केलेला आहे.

तो कसा, ते सांगतो. चोखोबांच्या नावावर जे अभंग आहेत, त्यांतील एकात ते आपल्या जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या कृष्णनिंदेत शोधतात. हे कारण मी उत्तररंगात मोठ्या उत्साहाने सांगत असे. श्रोत्यांना ते आवडे, कारण त्यामुळे सर्व हिशेब जुळतो आणि कोणाच्याच डोक्यावर ओझे राहत नाही. पण त्याच चोखोबांच्या दुसऱ्या अभंगांत तळमळ आहे, रुसवा आहे, देवाला स्पष्ट विचारणे आहे की मला असे दूर का ठेवलेस आणि जवळ घ्यावयाचे नव्हते तर जन्म तरी कशाला दिलास. देहाला चिकटलेल्या विटाळातून कोणी सुटला आहे काय, असा प्रश्नही ते करतात. उसाचे कांड वाकडे असले म्हणून त्यातला रस वाकडा होत नाही, हा त्यांचा दृष्टांत तर सर्वांना ठाऊक आहे. ज्याचा हिशेब खरोखर जुळला असेल तो असे प्रश्न पुन्हा पुन्हा कशाला विचारील? प्रल्हादाने केलेल्या स्तुतीत, भागवताच्या सप्तम स्कंधात, भक्तिहीन पण सर्वगुणसंपन्न विप्रापेक्षा हरीला सर्वस्व वाहिलेला श्वपच श्रेष्ठ म्हटला आहे. हे वचन पाठ असणारेच चोखोबांना द्वाराशी अडवीत होते, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा चोखोबांचा विश्वास कोणत्या प्रकारचा होता? आपल्यावर होते आहे ते योग्यच आहे, असा तो विश्वास नव्हता. आपले गाऱ्हाणे ज्याच्यापुढे मांडतो तो आपला आहे, एवढाच तो होता. मूल आईवर रुसते ते दारातच बसून, घर सोडून जात नाही. तद्वत चोखोबांनी महाद्वार सोडले नाही. देवाच्या दारचा वेसकर म्हणवून घेण्यात त्यांनी धन्यता मानली आणि गावाला घालावयाचा जोहार देवाला घातला. पुढे नाथमहाराजांनी जोहाराची जी रूपके रचली, त्यांची वाट बहुधा येथूनच गेली असावी.

मात्र एकाच दुःखाला एकाच घरातील सर्वांनी एकच उत्तर दिले नाही. चोखोबांचे घर म्हणजे संतांचे एक अखंड कुटुंबच. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, निर्मळेचे पती आणि सोयराबाईंचे बंधू बंका, आणि मुलगा कर्ममेळा, या सर्वांचे अभंग उपलब्ध आहेत. सोयराबाईंनी विटाळाच्या कल्पनेला जे निरुत्तर करणारे उत्तर दिले आहे, ते कोणत्याही पंडितसभेत मांडावे इतके तर्कशुद्ध आहे. विटाळ देहातूनच उत्पन्न होतो आणि सारे देह विटाळातूनच जन्मतात, तर मग सोवळा म्हणून राहिला कोण, असा तिचा एकूण आशय. चोखोबा व्याकूळ होतात तेथे सोयराबाई हिशेब मागते.

तिच्या बाळंतपणाची कथा मी शेकडो वेळा सांगितली असेन. मूल नाही म्हणून ती दुःखी होती. देवाच्या कृपेने गर्भ राहिला, पण दिवस भरत आले तेव्हा घरात काहीच नाही हे पाहून चोखोबा मेहुणपुरीस बहिणीकडे गेले, आणि तेथे भजनात रमून तेथेच राहिले. (संतांच्या संसारात हा प्रकार वारंवार आढळतो, आणि कथा सांगताना आम्ही कीर्तनकार त्यावर हसतो. त्या माउल्यांना हसू आले असेल असे वाटत नाही.) इकडे सोयराबाई एकटी वेणा देऊ लागली, तेव्हा पांडुरंग नणंदेच्या, म्हणजे निर्मळेच्या, रूपाने दारात उभा राहिला. त्याने सुईणपण केले, बाळाला न्हाऊ घातले, बाळंतिणीला शेक दिला. देवाने ज्याची नाळ कापली तो हा कर्ममेळा. येथवर कथा आली की टाळ्या वाजत आणि मी आरतीकडे वळत असे.

काही वर्षांपूर्वी एका गावी असेच कीर्तन संपले. बुक्का लावून घेण्यासाठी मंडळी पुढे येत होती, तेव्हा एका वृद्ध बाईंनी मला सहज विचारले की बुवा, त्या बाळाचे पुढे काय झाले? मी निरुत्तर झालो. कर्ममेळ्याचे अभंग मी वाचले नव्हते असे नाही. पंचवीस-तीसच आहेत ते. पण आख्यानात त्यांना जागा कोठे द्यावी, हे मला कधी सुचले नव्हते. खरे सांगावयाचे तर सुचू दिले नव्हते. देवाच्या हातांत जन्मलेला तो मुलगा मोठा झाला तेव्हा त्याने देवाला विचारले की आम्हाला हीन जातीत घालताना तुला काही वाटले नाही काय, आमचे आयुष्य दुसऱ्याचे उष्टे खाण्यात गेले याची लाज तुला कशी वाटत नाही? बापाने देवापुढे डोके टेकले, मुलाने देवाला जाब विचारला. बापाने पूर्वजन्मात कारण शोधले, मुलाने ते मान्य केले नाही. आणि संप्रदायाने काय केले? बापाबरोबर मुलाचेही अभंग गाथ्यात ठेवले. कोणी ते वगळले नाहीत, कोणी त्याला नास्तिक म्हटले नाही. वडिलांच्या विश्वासाच्या शेजारी मुलाचा राग सहा-सात शतके बसून आहे. मी त्या बाईंना त्या रात्री काही उत्तर दिले नाही. तेव्हापासून मात्र ते आख्यान जन्मापाशी संपवीत नाही, आणि पूर्वजन्मीचे कारण उत्तररंगातून काढून टाकले आहे.

आता चरित्राच्या शेवटाकडे येऊ. देवगिरीचे यादवराज्य १३१८ च्या सुमारास लयास गेले होते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम निघाले, तेव्हा रीतीप्रमाणे महार मंडळींना वेठीस धरून नेण्यात आले. चोखोबांचे वय झालेले होते, संत म्हणून त्यांची कीर्ती पसरलेली होती. पण वेठीच्या कामात त्या कीर्तीचा उपयोग नव्हता. माती वाहता वाहता आणि दगड चढविता चढविता बांधत आलेली ती भिंत कोसळली, आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली गाडले गेले. शके १२६०, वैशाख वद्य पंचमी, इ. स. १३३८. ज्या गावाने त्यांना कुसाबाहेर ठेवले, त्या गावाचे कूस बांधताना ते गेले.

देवाने बैलांची शिंगे धरली, मग ही भिंत का धरली नाही? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. ज्यांच्या घरी तरुण मूल गेले, ज्यांचे कष्टाचे धन कोणी बुडविले, ज्यांनी कोणाचे वाईट केले नाही अशा घरांतून हा प्रश्न येतो, आणि तो विचारताना चोखोबांचे केवळ निमित्त असते, हे मला कळते. परंपरेने या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. तिने फक्त पुढे काय झाले ते सांगितले आहे. नामदेवराय पंढरीहून मंगळवेढ्यास गेले. भिंतीचा ढिगारा उपसावयाचा होता आणि त्यात अनेकांच्या अस्थी एकमेकांत मिसळून गेल्या होत्या. त्यांतून चोखोबांच्या कशा ओळखाव्यात? ज्या अस्थीतून विठ्ठलनामाचा ध्वनी येईल ती चोखोबांची, अशी खूण देवाने सांगितली होती. नामदेवरायांनी एकेक हाड उचलावे, कानाशी न्यावे आणि ऐकावे. माझ्या मनापुढे हे चित्र नेहमी उभे राहते. शिंपीकुळातला तो थोर भक्त वैशाखाच्या उन्हात, मजुरांच्या हाडांच्या राशीत बसून, एकेक हाड कानाला लावतो आहे. ज्या हाडांतून नाम ऐकू आले नाही ती कोणाची होती, त्यांची नावे काय होती, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. तीही कोणाची तरी मायबापे होती.

वेचलेल्या अस्थी पंढरीस आणल्या गेल्या. देवाने त्या आपल्या पीतांबराच्या पदरात घेतल्या, असे संप्रदाय सांगतो. महाद्वारासमोर समाधी झाली. पुढे १३५० साली नामदेवरायांनी त्याच महाद्वाराची पायरी होण्यात धन्यता मानली, ती चोखोबांच्या अगदी समोर. गुरूला आत जाण्यास कोणाची आडकाठी नव्हती, तरी तोही द्वाराशीच थांबला.

१३३८ पासून मोजले तर चोखोबांच्या जातिबांधवांना महाद्वाराच्या आत पाऊल टाकावयास ६०९ वर्षे लागली. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून जनमत जागे केले आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. त्याआधी गाडगे महाराजांनी, ज्यांना कोणत्याही धर्मशाळेत जागा मिळत नसे त्या वारकऱ्यांसाठी, पंढरीत चोखोबांच्या नावाने धर्मशाळा बांधली होती. १९४९ साली त्यांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला इंग्रजी ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध केला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. पुढे १९५६ साली नागपुरास त्यांनी लाखो अनुयायांसह बुद्धाचा मार्ग स्वीकारला. आमच्यातील काही मंडळी त्याविषयी अजून कुरकुरतात. कर्ममेळ्याचे अभंग वाचलेल्या मनुष्याला कुरकुरण्यास तोंड कोठे आहे?

माझे आजोबा वेदमूर्ती होते, व्युत्पन्न होते, आणि नित्य देवदर्शन घेतल्यावाचून अन्नाला शिवत नसत. १९४७ साली मंदिर सर्वांस खुले झाले, तेव्हा त्यांनी पुन्हा आत पाऊल न टाकण्याचा निश्चय केला. तो त्यांनी मरेपर्यंत पाळला. घरात याविषयी कोणी बोलत नसे. माझ्या लहानपणी ते दर एकादशीस माझे बोट धरून महाद्वारासमोरच्या रस्त्यावर येत, उपरणे सावरून उभे राहत आणि बाहेरूनच कळसाला हात जोडीत. बरोबरचे सर्वजण आत जात, आजोबा बाहेर उभे. चोखोबांच्या समाधीपासून ते दोन हात अंतर राखीत, हे मला तेव्हाही दिसत असे.

एका कार्तिकीस गर्दीचा लोट आला. माझे बोट त्यांच्या हातून सुटले, ते झोकांडले, आणि तोल सावरण्यासाठी त्यांनी हात टेकला तो समाधीच्या दगडावर. गर्दी ओसरेपर्यंत तो हात तेथेच होता. मग त्यांनी मला शोधले, बोट पुन्हा धरले आणि आम्ही घरी आलो. इतर दिवशी ते बाहेरून आले की आधी आडावर स्नान करीत. त्या दिवशी त्यांनी स्नान केले की नाही, हे आठवण्याचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. एवढेच आठवते की पाने वाढून झाली होती आणि ते बराच वेळ ओसरीवर आपल्या उजव्या हाताकडे पाहत बसले होते.